ब्रह्मपुरी-वडसा रस्त्यावरचे पेटी दुरुस्तीचे दुकान : आमच्या भजन मंडळाचा अनुभव

आमच्या गावच्या भजन मंडळाची पेटी, म्हणजे हार्मोनियम, गेल्या आषाढात एकाएकी बिघडली असे म्हणणे खरे ठरणार नाही. ती दोन-तीन वर्षे हळूहळू बिघडत होती आणि आम्ही ते कानाआड करत होतो. पावसाळ्यात पट्ट्या फुगून एकमेकींना घासत, एक सूर दाबला की शेजारचा त्याच्यासोबत कण्हत राही आणि हात पट्ट्यांवर नसतानाही पेटीच्या पोटातून हवा सुटल्याचा फुसफुसाट ऐकू येई. सामुदायिक प्रार्थनेला पंचवीस-तीस जणांचा आवाज लागतो, त्यात हे सारे झाकले जात असे. शेवटी एका गुरुवारी वरच्या सप्तकातले तीन सूर अजिबात बोलेनात, तेव्हा मंडळाने पेटी दुरुस्तीला नेण्याचे काम माझ्याकडे सोपवले. त्या दुरुस्तीविषयी आणि ती करणाऱ्या दुकानाविषयी मी सविस्तर लिहीत आहे, कारण पूर्व विदर्भात अशी जुनी पेटी घरात, देवळात किंवा नाटकमंडळीत बाळगून असणाऱ्या अनेकांना हे दुकान ठाऊकच नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांतले पुष्कळजण तिथे जाण्याऐवजी नवी पेटी किंवा कीबोर्ड विकत घेऊन मोकळे होतात.

ब्रह्मपुरीहून वडशाकडे जाताना वैनगंगेचा पूल येण्याच्या आधी, मुख्य रस्त्यापासून आत गेलेल्या एका गावात हे दुकान आहे. त्याला पाटी नाही. घराच्या ओसरीलाच लाकडी फळ्यांनी आडोसा केलेला आहे, आणि बाहेर एखादी भाता उघडून वाळत ठेवलेली पेटी दिसली की दुकान हेच असे समजावे. कारागीर सत्तरीचे आहेत. पंचक्रोशीत त्यांना सगळे ‘बाबाजी’ म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो. त्यांच्यासोबत त्यांची सूनबाई आणि सुतारकाम शिकलेला एक पुतण्या काम करतो.

येथे आधीचा एक अनुभव सांगणे भाग आहे. तीन वर्षांपूर्वी हीच पेटी आम्ही एका मोठ्या शहरातील दुकानात दिली होती. पेटी साडेतीन सप्तकांची, म्हणजे 42 पट्ट्यांची, आणि नर-खर्ज अशा दोन ओळींची, म्हणजे प्रत्येक पट्टीला एक नेहमीचा आणि एक सप्तकभर खालचा असे दोन सूर. आत 84 सूर. ज्यांनी पेटी कधी उघडून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो की ‘सूर’ म्हणजे येथे पितळेची ती बारीक जीभ, जी एका टोकाला रिव्हेटने बसवलेली असते आणि हवेचा झोत आला की खालच्या फटीतून वर-खाली होत वाजते. आमच्या पेटीतले सूर जुने जर्मन होते. मंडळाला ती ज्या वयोवृद्ध सदस्याने दिली, ते हे आवर्जून सांगत असत. शहरातल्या दुकानाने आम्हाला न विचारता त्यांतले अकरा सूर काढून तयार नवे बसवले, जुने परत केले नाहीत आणि बिलावर फक्त ‘सर्व्हिसिंग’ असा शब्द लिहिला. पेटी वाजू लागली, परंतु मधल्या सप्तकात एक सूर गोल आणि मऊ, तर पुढचा कर्कश अशी तिची अवस्था झाली. गाणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नव्हते, पण पेटीवर बसणारा आमचा मुलगा त्या पट्ट्या टाळून वाजवू लागला होता.

बाबाजींनी पेटी ठेवून घेतली, पण लगेच उघडली नाही. प्रथम त्यांनी पेटीच्या दर्शनी बाजूची, हवेची वाट उघडणारी-मिटणारी सगळी बटणे बंद करून भाता पूर्ण भरला आणि हात काढून तो किती सावकाश बसतो ते पाहिले. मग बटणे उघडून पुन्हा तेच केले. पहिल्या वेळी भाता बराच वेळ तग धरून राहिला, दुसऱ्या वेळी भराभर खाली आला. त्यांनी मला समजावून सांगितले की बटणे बंद असताना हवा टिकते याचा अर्थ भात्याचे आणि पोटभात्याचे, म्हणजे आतल्या हवा साठवणाऱ्या भात्याचे, चामडे शाबूत आहे. गळती आहे ती पट्ट्यांखालच्या झडपांमध्ये किंवा सुरांच्या फळीच्या सांध्यात. शहरातल्या दुकानाने आमच्याकडून भात्याच्या नव्या चामड्याचेही पैसे घेतले होते, त्याची आठवण मला तेव्हा झाली. एवढ्या साध्या तपासणीने निम्मा खर्च वाचला, आणि या दुकानाविषयी माझा पहिला चांगला ग्रह झाला तो येथे.

मग त्यांनी वरची फळी काढली, सुरांची फळी बाहेर घेतली आणि खिडकीच्या उजेडात ती तिरपी धरून एकेक सूर न्याहाळला. नवे अकरा कोणते हे त्यांनी न वाजवताच बोट ठेवून दाखवले. जुन्या पितळेचा रंग मधासारखा गडद झालेला होता आणि नवे पिवळेधमक होते. मी विचारले, सगळेच नवे बसवले तर एकसारखे होणार नाहीत का? त्यावर ते म्हणाले, “गुरुजी, जुने सूर जिवंत हायेत जी. जिवंत असताना काहाले बदलवता?” मग त्यांनी फळीवरून चहापत्तीचा एक पत्र्याचा डबा उतरवला. त्यात कागदाच्या पुड्या होत्या आणि प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने पट्टीचे नाव होते. मोडीत निघालेल्या, वाळवीने खाल्लेल्या, पुरात भिजलेल्या पेट्यांमधून गेल्या चाळीस वर्षांत त्यांनी काढून ठेवलेले जुने सूर त्या पुड्यांमध्ये आहेत. आमच्या अकरांपैकी नऊ जागांना त्यांनी त्या डब्यातले सूर बसवले. उरलेल्या दोन जागांसाठी योग्य जोडीदार मिळाला नाही, तेव्हा तेथे नवेच ठेवून त्यांचा आवाज शेजाऱ्यांशी शक्य तितका मिळवून दिला, आणि ते दोन कोणते हे मला आपणहून सांगितले.

सूर जुळवण्याचे काम मी जवळ बसून पाहिले आणि ते पाहण्यासाठी पुन्हा एकदा एवढा प्रवास करायचीही माझी तयारी आहे. सुराच्या जिभेखाली दाढीच्या पात्यासारखी पातळ पट्टी सरकवायची, म्हणजे कानस लावताना जीभ वाकत नाही. मग आवाज चढवायचा असेल तर जिभेच्या मोकळ्या टोकाकडे आणि उतरवायचा असेल तर रिव्हेटकडच्या बुडाशी, अगदी हलक्या हाताने एक-दोन घासे द्यायचे. टोक हलके झाले की जीभ जलद हलते; बूड पातळ झाले की ती सैल पडून सावकाश हलते. एवढे करून सूर पुन्हा जागेवर बसवायचा, त्याच पट्टीचा नर आणि खर्ज एकत्र वाजवायचे आणि दोघांमधली थरथर ऐकायची. आवाज जुळत येतात तशी ती थरथर मंदावते, लांबते आणि एका क्षणी नाहीशी होते. बाबाजी त्या क्षणाला थांबत नाहीत. हाताच्या उबेने आणि कानशीने पितळ किंचित तापलेले असते, म्हणून ते फळी रात्रभर ठेवतात आणि सकाळी, घरात अजून आवाज सुरू झालेले नसताना, पुन्हा ऐकून मगच तो सूर पक्का झाला असे मानतात.

घासून गेलेले पितळ परत लावता येत नाही, ही गोष्ट ते काम करताना सतत मनात धरतात. आज वाद्ये सर्रास ज्याला जुळवतात त्या 440 हर्ट्झच्या मापापेक्षा आमची पेटी थोडी उतरलेली आहे. मी ती त्या मापाला आणून देता येईल का असे विचारले तेव्हा त्यांनी उलट प्रश्न केला, की मंडळात पेटीसोबत बासरी किंवा कीबोर्ड वाजतो का. आमच्याकडे टाळ, मृदंग आणि खंजिरी एवढेच आहे. मग 84 सुरांचे 84 वेळा पितळ कशाला कमी करायचे, असे म्हणून त्यांनी पेटीची मूळ उंची तशीच ठेवली आणि सूर आपसांत जुळवले. ग्राहकाने मागितलेले जास्तीचे काम नाकारणारा कारागीर मला फार दिवसांनी भेटला.

या कामाचे मोल किती याचा विचार करताना मला जर्मनीतल्या कार्ल्सफेल्ड या लहानशा डोंगरी गावाची गोष्ट आठवते आणि ती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. आपली पेटी, कॉन्सर्टिना, बँडोनिऑन, माउथ ऑर्गन ही सारी एकाच कुळातली वाद्ये. सगळ्यांच्या पोटात अशीच मोकळी हलणारी धातूची जीभ असते. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबॅं यांनी 1842 मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले, आणि पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी तिची हातभात्याची, मांडी घालून वाजवता येईल अशी आवृत्ती रूढ केली. दबॅं यांच्या पेटंटच्या आगेमागे इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टन आणि जर्मनीत केम्निट्सचे कार्ल फ्रीडरिश ऊलिग यांनी दोन हातांत धरून ताणायच्या-दाबायच्या कॉन्सर्टिना बनवल्या. ऊलिग यांची जर्मन कॉन्सर्टिना 1834 ची. तिच्यावरूनच क्रेफेल्डचे वाद्यविक्रेते हाइनरिश बांड यांच्या नावाने ओळखले जाणारे बँडोनिऑन आले. ते स्थलांतरितांबरोबर अर्जेंटिनात पोहोचले आणि तेथे टँगो या नृत्यसंगीताचा प्राण झाले. टँगोत रुळलेल्या वाद्याला 71 बटणे असतात, पण भाता ओढताना एक आणि दाबताना दुसरा असे त्यातून 142 स्वर निघतात. प्रत्येक स्वराला एका सप्तकाच्या अंतरावरचे दोन सूर एकत्र बोलतात, म्हणजे आपल्या नर-खर्जासारखीच जोडी.

ही वाद्ये सर्वांत नावाजलेली बनत ती कार्ल्सफेल्डमध्ये, आर्नोल्ड कुटुंबाच्या कारखान्यांत. आल्फ्रेड आर्नोल्ड यांच्या ‘डबल ए’ छापाची बँडोनिऑने अर्जेंटिनातले वादक आजही जिवापाड जपतात. टँगोचे ख्यातनाम संगीतकार आस्तोर पियाझोला हेही त्याच छापाचे वाद्य वाजवत. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीत तो कारखाना सरकारजमा झाला आणि 1964 पर्यंत तेथले बँडोनिऑनचे उत्पादन बंद पडले. वाजवणारे हजारोंनी होते, ऐकणारे लाखोंनी होते आणि बनवणारे उरले नाहीत. त्यानंतर त्या संगीताचा सारा भार पडला तो ब्यूनस आयर्समधल्या दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांवर. जस्ताच्या एका लांब पट्टीवर ओळीने रिव्हेट केलेल्या पोलादी जिभांपैकी एखादी तुटली तर ती नव्याने घडवून बसवणे आणि आधीच्या आवाजात मिसळवणे त्यांना यावे लागे. आमच्या पेटीसारखा सुटा सूर स्क्रू फिरवून काढण्याची सोय त्यांना नव्हती. 2009 मध्ये अर्जेंटिनाने बँडोनिऑनच्या संरक्षणासाठी कायदा केला आणि चाळीस वर्षांहून जुनी वाद्ये देशाबाहेर जाऊ नयेत अशी तरतूद केली. एका देशाला आपल्या पेट्या जपण्यासाठी कायदा करावासा वाटला, हे वाचून मी बराच वेळ विचारात पडलो होतो. आता जर्मनीतल्या क्लिंगेनथाल परिसरात आणि अर्जेंटिनातही हाताने बँडोनिऑन बनवणारे मोजके कारागीर आहेत, परंतु मधली साखळी तुटल्यामुळे त्यांना जुनी वाद्ये उघडून, मोजून, पुष्कळसे नव्याने शिकावे लागले.

आपल्याकडे साखळी अजून तुटलेली नाही. सूर गुजरातेत पालिताण्याला बनतात, पेट्या बनवणारे कोलकात्यापासून मिरजेपर्यंत आहेत. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत हार्मोनियमला दूर ठेवले, तरी खेड्यातल्या भजनाने आणि नाटकाने तिला सोडले नाही. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, तर दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरू लागली की होळीपर्यंत रात्र-रात्र नाटके चालतात, वडशाच्या नाटक कंपन्या एका रात्रीत एक गाव करतात आणि त्यांच्यासोबत ऑर्गन व पेटी गाडीत घालून फिरवली जाते. उघड्या मंडपातले दव, रस्त्याची धूळ, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणारा पारा आणि लगेच त्यामागून येणारा पाऊस, हे सगळे सोसून ती वाद्ये जुळलेली राहतात. त्यामागे अशी पाटी नसलेली दुकाने आहेत. बाबाजींच्या ओसरीत मी गेलो त्या दिवशी नाटकाचे दोन ऑर्गन उघडून ठेवलेले होते. एकाच्या पायभात्याचे कापड उंदरांनी खाल्ले होते.

आता उणिवा. पंधरा दिवसांत काम देतो असे सांगून त्यांनी एकतीस दिवस घेतले. कोजागिरीपासून आमचा काकडा सुरू होतो आणि पेटी हाती आली ती अवघी दोन दिवस आधी, त्यामुळे मंडळातल्या लोकांची बोलणी मला ऐकावी लागली. फोन ते क्वचितच उचलतात. पावती देत नाहीत. पेटी सोडताना आपण स्वतःच तिची अवस्था, सुरांची संख्या आणि ठरलेले काम एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या कराव्यात असे माझे सांगणे आहे, आणि त्यांनी त्याला आनंदाने होकार दिला हेही नमूद करतो. बाहेरच्या पॉलिशकडे त्यांचे फारसे लक्ष नाही. आमच्या पेटीच्या झाकणावरचे ओरखडे तसेच राहिले आहेत, आणि एक काळी पट्टी अजूनही खाली बसताना टकटक वाजते. तिच्याखाली नवे फेल्ट घातले आहे, ते बसले की आवाज जाईल असे ते म्हणाले. दीड महिना झाला, आवाज कमी झाला आहे, गेलेला नाही.

बिल 4,200 रुपये झाले. यात झडपांचे सगळे चामडे नवीन, फळीच्या सांध्याची गळती बंद, पट्ट्या घासून सरळ, नऊ जुने सूर आणि पूर्ण जुळवणी हे सर्व आले. मी मनात हिशेब केला की त्यांनी प्रत्यक्ष हाताने दिलेले दिवस धरले तर ही मजुरी आमच्याकडे धान कापणीला जाणाऱ्या माणसाच्या मजुरीच्या जवळपास जाते. ते मला योग्य वाटले नाही आणि मंडळाशी बोलून आम्ही 800 रुपये वर दिले. ते त्यांनी प्रथम घेतले नाहीत, मग सूनबाईंच्या हातात दिले तेव्हा घेतले.

सूनबाईंविषयी लिहायलाच हवे. चामडे कापणे, चिकटवणे आणि झडपा बसवणे हे सारे त्याच करतात. त्यांनी बसवलेल्या 42 झडपांपैकी एकीतूनही आज हवा जात नाही. दोन वर्षांपासून त्या सूर जुळवायलाही शिकत आहेत. आमच्या पेटीतल्या खर्जाच्या ओळीचे खालचे सप्तक त्यांनीच जुळवले आणि बाबाजींनी ते सकाळी ऐकून फक्त एका सुराला पुन्हा हात लावला. मी विचारले की हे तुम्हाला कसे जमू लागले, तर त्या म्हणाल्या, “घरात दिवसभर तेच आयकू येते जी. सैपाक करतानाही कोनता सूर हलते ते समजते.” पुतण्याचा हात लाकडात चांगला आहे, पण वर्षातले सहा महिने तो फर्निचरच्या कामासाठी नागपूरला जातो, कारण येथे सहा महिनेच काम असते. पावसाळ्याच्या आधी, चैत्र-वैशाखात, ओसरी रिकामी असते असे त्यांनी सांगितले. ज्यांच्या घरी, देवळात, शाळेत किंवा मंडळात एखादी पेटी ‘बंद पडली’ म्हणून माळ्यावर टाकलेली असेल त्यांनी ती नेमकी त्या दिवसांत न्यावी. काम लवकर होते, बाबाजी शांतपणे समजावून सांगतात आणि त्या घरालाही उन्हाळ्यात काम मिळते. उसने पैसे काढून विकत घेतलेल्या नव्या पेटीपेक्षा जुनी दुरुस्त करणे जवळजवळ नेहमीच स्वस्त पडेल. मात्र पेटीच्या फळीलाच मोठी भेग गेली असेल किंवा लाकडाला वाळवी लागली असेल तर ते स्वतःच सांगतात की खर्च करू नका, आणि मग चांगले सूर तेवढे विकत ठेवून घेतात. ते त्या चहापत्तीच्या डब्यात जातात.

काकडा महिनाभर झाला. पहाटेच्या थंडीत, देवळात दहा-बारा माणसे असताना, पेटी एकटी वाजते आणि तिच्यातले काहीही झाकले जात नाही. मधल्या सप्तकातल्या त्या पट्ट्या आमचा मुलगा आता टाळत नाही. मंडळाची दुसरी, एका ओळीची लहान पेटी देवळाच्या माळ्यावर आहे. तिच्या पोटभात्याचे चामडे पार वाळून फाटले आहे. ती होळीनंतर न्यायची ठरली असून, लागेल तेवढे चामडे सूनबाईंनी आताच वेगळे काढून, त्यावर आमच्या गावाचे नाव लिहून ठेवले आहे.